लो ग्रेड म्हणजे कॅन्सर नाही?

मंडळी, गेले दोन-तीन शनिवार इथं शुकशुकाट होता. कारण एकच, मावशीची फाईल.

मावशीच्या लहान आतड्यात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर निघाला. २०१८ साली इरफान खानने स्वतःच्या आजाराचं जे नाव जाहीर केलं होतं, तेच. ऑपरेशन नीट झालं. क्रिटिकल इलनेसचा क्लेम टाकला, तर कंपनीचं उत्तर आलं: ट्यूमर लो ग्रेड, व्याख्येत बसत नाही, क्लेम नामंजूर. मावशी म्हणाली, "अरे, आता कॅन्सर झाला म्हणून रडू, की झाला नाही म्हणतात म्हणून?"

मी डॉक्टर नाही. पण स्पेक वाचून कोड लिहिण्यातच आयुष्य चाललंय, म्हणून पॉलिसी घेऊन बसलो. कॅन्सरची ही व्याख्या २०१३ साली विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी एकच करून दिली. पेशींची अनिर्बंध वाढ, आजूबाजूच्या चांगल्या भागात घुसखोरी आणि पॅथॉलॉजीचा पुरावा. वगळलेल्या प्रकारांत 'लो मॅलिग्नंट पोटेन्शियल' आहे. 'लो ग्रेड' मला तरी कुठे सापडलं नाही!

दोन्हींत फरक आहे हो. ग्रेड म्हणजे पेशी किती वेगाने वाढतात ते. या ट्यूमरमध्ये केआय-६७ हा आकडा ३ टक्क्यांच्या आत असला की साधारण ग्रेड १. पण चोर हळू चालतो म्हणून तो चोर नाही, असं थोडंच आहे? मावशीच्या रिपोर्टात ग्रेड १ च्या खालच्याच ओळीत लिहिलंय, गाठ आतड्याच्या स्नायूत शिरलेली, दोन लिम्फ नोडमध्ये पसरलेली. कंपनीने वरची ओळ वाचली आणि फाईल बंद केली.

गंमत म्हणजे हा घोळ जुनाच. १९०७ मध्ये ओबर्नडॉर्फर या जर्मन पॅथॉलॉजिस्टने या गाठींना 'कार्सिनॉइड', म्हणजे कॅन्सरसारख्या, म्हटलं. १९२९ मध्ये त्यानेच मान्य केलं की त्या घातकही असू शकतात. आमची कंपनी बहुधा अजून १९०७ मध्येच आहे.

असो. पॅथॉलॉजिस्टकडून व्याख्येतल्या एकेका शब्दासमोर रिपोर्टातली ओळ मांडणारं पत्र घेतलं. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने तेही फेटाळलं. मग विमा लोकपालाकडे गेलो. फी नाही, वकील नाही. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून वर्षाच्या आत जायचं, मर्यादा ५० लाख. निवाडा कंपनीवर बंधनकारक, आपल्याला मात्र ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.

निकाल काहीही लागो, माझं म्हणणं एवढंच: दुर्मिळ कॅन्सरचा क्लेम नाकारताना त्या विषयातल्या डॉक्टरची नावासकट सही सक्तीची हवी. टाके ओले असताना पेशंटने व्याख्या का शिकायच्या? मावशीला निदान भाचा तरी होता. ज्यांना कोणी नाही, ते ते पत्र घडी करून कपाटात ठेवतात आणि गप्प बसतात.

तुमच्या घरात असं पत्र पडलं असेल, तर आज तारीख बघा. वर्ष पटकन सरतं.