साइट फाइल घेत नाही? आधी फाइल उघडून बघा!



"सर, साइट फाइल घेतच नाही!" माहिती भरायच्या शेवटच्या दिवशी आमच्या घाटनांदूरला हे वाक्य हमखास ऐकू येतं. तुमच्याकडंही येत असेल. मग सर्व्हर, नेट, लाइट, सगळ्यांना बोल लावून होतात. माझं मत थोडं वेगळं आहे. बऱ्याचदा दोष आपण दिलेल्या फाइलीत असतो, आणि तो आपणच नकळत घातलेला असतो.

आता हेच बघा. सरलचा स्टुडंट आयडी 19 अंकी. आधी वर्षाचे 4 अंक, मग शाळेचा 11 अंकी युडायस (आपल्या बीडचा 2727 ने सुरू होतो), शेवटी मुलाचा क्रमांक. एक्सेल मात्र कोणत्याही संख्येचे पहिले 15 अंकच जपतं, पुढं शून्यं टाकतं. 4 आणि 11 ची बेरीज करा. पंधरा! म्हणजे शाळा शाबूत राहते आणि मूल तेवढं पुसलं जातं.

हे माझ्याच हातून झालंय. सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून उघडली. आयडीच्या जागी 2.01527E+18 असं काहीतरी दिसलं. नंबर फॉरमॅट दिला, पूर्ण आकडे दिसले, खूश होऊन सेव्ह केलं. शिष्यवृत्तीच्या यादीत एकाच वर्षी नोंदलेल्या सगळ्या मुलांचा आयडी एकच! पहिलं नाव गेलं, बाकीची 'डुप्लिकेट' म्हणून बाहेर. पालकांना काय सांगणार?

गेलेले अंक नंतर टेक्स्ट फॉरमॅट देऊन परत येत नाहीत. मूळ फाइल पुन्हा घ्यावी लागते. कोरं एक्सेल उघडा, डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, आयडी, आधार, खाते क्रमांक आणि जन्मतारीख हे स्तंभ आधीच 'टेक्स्ट' करा. तारखेचं तर विचारू नका. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर 05/06 म्हणजे 6 मे होतो, 25/06 मात्र तसाच राहतो, त्यामुळं चूक पटकन ध्यानातही येत नाही. मराठी नावांची प्रश्नचिन्हं होऊ नयेत म्हणून सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-8' निवडा. आणि तपासायला फाइल नोटपॅडमध्ये उघडा. पुन्हा डबल-क्लिक केलंत की एक्सेल तिला आपल्या पद्धतीनं वाचणार.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात वेबसाइटची चाचणी करतो. सेलेनियम नावाचं साधन त्याच्यासाठी आपोआप फॉर्म भरतं, माहिती फाइलीतून घेतं. तो म्हणाला, "सर, चाचणी फेल झाली की आम्हीबी आधी फाइलच बघतो."

मग मी त्याला विचारलं, तुमच्या चाचणीच्या फाइलीत असतं काय? नाव 'टेस्ट वन', आयडी 12345. हसला बिचारा. अशा फाइलीवर कुठलीही साइट पासच होणार ना! म्हणून साइट बनवणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. चाचणीत मुद्दाम बिघडलेली फाइल घाला : शून्यांत संपणारे आयडी, उलटलेल्या तारखा, जोडाक्षरांची नावं. आणि नुसतं 'इनव्हॅलिड फाइल' म्हणू नका. कितवी ओळ, कोणता स्तंभ, काय चुकलं, ते मराठीत सांगा. नमुन्याला बिघडलेल्या फाइली हव्या असतील तर आमच्याकडं भरपूर आहेत. मुलांची नावं आणि नंबर बदलून देऊ.