प्रार्थनागृह कोणाचे? जन्माचे की श्रद्धेचे?



पुण्यात २०१७ साली झरथुष्ट्री धर्माच्या काही अनुयायांनी 'आशा वहिश्ता' या नावाचे आपले स्वतंत्र प्रार्थनागृह उघडले. धर्माबाहेर विवाह केलेल्या पारशी स्त्रिया, त्यांचे पती, त्यांची मुले, इतकेच नव्हे तर श्रद्धेने येणारा कोणीही तेथे पवित्र अग्नीपुढे उभा राहू शकतो. नाशिक रोडच्या आपल्या वाचकांना शेजारच्या देवळालीतील पारशी बंगले व आरोग्यधामे परिचयाची आहेत. परंतु पारशांच्या घरातील या वादाशी आपला काय संबंध, असे पुष्कळजण विचारतील. संबंध अत्यंत निकटचा आहे. आपण आज ना उद्या आपल्या वस्तीत विहार बांधणार आहोत, म्हणून तो समजून घेतला पाहिजे.

या मंडळींना निराळे घर बांधण्याची पाळी का आली? भारतातील अग्यारींत व आतश बेहरामांत पारशेतरांस प्रवेश नाही. हा धर्माचाच आदेश आहे, असे सांगण्यात येते. वास्तविक पाहता, इराण ही या धर्माची मायभूमी. तेथील यझद शहराच्या अग्निमंदिरात परधर्मीय प्रवासीही जातात आणि काचेपलीकडील अग्नीचे दर्शन घेतात. त्या दर्शनाने तेथील अग्नी विटाळत नाही. मग येथलाच कसा विटाळतो?

येथील दाराला कायद्याचे कुलूप कसे लागले, हे न्यायालयाच्या दप्तरात पाहावे. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयाने पेटिट विरुद्ध जीजीभाय या दाव्याचा निकाल दिला. रतनजी दादाभाई टाटा यांनी सुझान ब्रिएर या फ्रेंच स्त्रीशी विवाह केला होता व तिचा नवजोत विधी झाला होता. पारशी पंचायतीच्या विश्वस्तांनी मात्र तिचे हक्क नाकारले. न्यायमूर्ती दावर, जे स्वतः पारशी होते, आणि न्यायमूर्ती बीमन यांच्यापुढे सुनावणी झाली. झरथुष्ट्री धर्मात परक्याला घेण्यास मनाई नाही, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही दार बंदच राहिले! कारण विश्वस्त निधी पारशांसाठी होता, आणि 'पारशी' ही जन्मावरून ठरणारी संज्ञा मानली गेली. त्यातही न्यायमूर्ती दावर यांच्या व्याख्येत पारशी पित्याच्या व परक्या मातेच्या दीक्षित मुलांना स्थान मिळाले. पारशी मातेच्या व परक्या पित्याच्या मुलांना मिळाले नाही. ज्या धर्माने 'या' म्हटले, त्याच धर्माच्या दस्तऐवजाने 'थांबा' म्हटले.

सनातन्यांचा पहिला युक्तिवाद असा की, आम्ही मूठभर आहोत, रक्त जपले नाही तर नामशेष होऊ. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे १ लाख ११ हजार पारशी होते. २०११ मध्ये ते ५७,२६४ उरले. उशिरा होणारे विवाह, अल्प संतती व परदेशगमन ही या घटीची मोठी कारणे आहेत, हे मान्य. परंतु जे कुलूप समाज वाचविण्यासाठी लावले असे सांगता, त्याने तो वाचला काय? उलट, ज्या कन्या व जी नातवंडे आपण होऊन आत येऊ इच्छितात, त्यांनाच ते बाहेर ठेवते.

दुसरा युक्तिवाद अधिक गोड आहे. 'ज्यांना हवे त्यांनी स्वतःचे घर बांधावे, भांडता कशाला?' घर तर त्यांनी बांधले. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने हिंदू धार्मिक संस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याची मुभा शासनाला दिली. ती तरतूद अग्यारीला लागू नाही. २६ वे कलम प्रत्येक धर्मपंथाला संस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार देते. याच कलमाची ढाल पुढे करून जुने दार बंद ठेवले जाते, आणि याच कलमाच्या बळावर नवे दार उघडताही येते. परंतु नवे घर बांधणे म्हणजे जुन्या घरावरील हक्क सोडणे नव्हे. वलसाडच्या एका पारशी कन्येने विशेष विवाह कायद्याखाली हिंदू पुरुषाशी विवाह केला. विवाहाबरोबर तिने पतीचा धर्म स्वीकारला असे मानावे लागेल, असे गुजरात उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बहुमताने ठरविले. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे वलसाडच्या अंजुमनने तिला आई-वडिलांच्या अंत्यविधीला येऊ देण्याचे मान्य केले. प्रार्थनागृह दुसरे बांधता येते. जन्मदात्यांचा अंत्यविधी दुसरा कोठून आणावा? पुरुषाने धर्माबाहेर लग्न केले तर तो पारशीच राहतो, आणि स्त्रीने केले तर तिचा धर्म पतीच्या घरी जमा होतो, हा कोणता न्याय?

आता आपल्याकडे वळू. पंचवटीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या बंद दारांपुढे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्यांनी तो वर्षानुवर्षे लढविला. तो लढा माणुसकीच्या हक्काचा होता. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी त्या दारापुढे लाठ्या सोसल्या, त्यांनी आपल्या विहाराला तसलेच दार बसवावे काय? प्रत्यक्ष फलक कोणी लावणार नाही. पण 'अमुक वस्तीतील अमुक जातीचा बौद्ध समाज' असे चार शब्द विश्वस्तपत्रात शिरले, की शंभर वर्षांनंतरही न्यायालय तेच शब्द वाचील.

म्हणून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी करताना दस्तऐवजाचा प्रत्येक शब्द स्वतः वाचा. लाभार्थी कोण, तेथे जातीचे व पोटजातीचे नाव येऊ देऊ नका. धम्मावर श्रद्धा ठेवणारा अथवा तो जाणून घेऊ इच्छिणारा प्रत्येक मनुष्य, असे लिहा. विवाहाने कोणत्याही स्त्रीचा हक्क कमी होणार नाही, असे स्पष्ट कलम घाला. विश्वस्तांत स्त्रियांना जागा द्या.

हे काही नवे शिक्षण नव्हे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. तो जातीने शक, म्हणजे परका. त्याने लेणे दिले, आणि ३,००० कार्षापण गोवर्धनातील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. त्या व्याजातून भिक्षूंच्या चीवरांची सोय लावून दिली. रक्कम, व्याज, विनियोग, सारे दगडात कोरलेले आहे. आणि लाभार्थी कोण? चारही दिशांचा संघ. गावाचे नाही, कुळाचे नाही, रक्ताचे नाही! परक्याने दिलेले आणि सर्वांसाठी दिलेले हे विश्वस्तपत्र आपल्या दाराशी सुमारे दोन हजार वर्षे उभे आहे. आपल्या विहाराचा दस्तऐवज लिहावयास बसण्यापूर्वी एकदा ते पाहून या.