मुंबई-गोवा महामार्ग एकच, मग पेट्रोलचा भाव वेगळा का?

हातखंब्याहून गोव्याला निघालात तर टाकी इथेच फुल्ल करू नका. पत्रादेवीची सीमा ओलांडली की पेट्रोल लिटरमागे साधारण सात-आठ रुपयांनी स्वस्त मिळतं. कंपन्या त्याच, केंद्राचा करही तेवढाच. फरक आहे राज्याच्या व्हॅटचा. महाराष्ट्र 25 टक्के आणि वर लिटरमागे 5.12 रुपये घेतो. गोव्याने 2024 मध्ये दर वाढवला, तरी तो 21.5 टक्केच. (2012 मध्ये पर्रीकर सरकारने तर तो 0.1 टक्क्यावर आणला होता!)

2017 च्या जीएसटीने साबण-बिस्किटांवरचा कर देशभर सारखा झाला. पेट्रोल आणि दारू मात्र राज्यांनी सोडली नाही, कारण दर स्वतः ठरवता येईल अशी मोठी कमाई आता मोजकीच उरली आहे. यात पर्यटकाचे पैसे वाचतात. हातखंब्याहून रोज दुचाकीने रत्नागिरीत कामाला जाणाऱ्याला ती सोय नाही.