रक्ताची पिशवी कुठे आहे?

आठवा महिना. रात्री अचानक अंगावरून रक्त जाते, पण पोटात दुखत नाही. घरातले म्हणतात, ‘दुखत नाही ना, मग सकाळी जाऊ.’ वार गर्भाशयाच्या तोंडाशी असेल तर रक्तस्राव वेदनेशिवायच होतो आणि पहिला थोडक्यात थांबला तरी पुढचा केवढा असेल, हे कुणालाच सांगता येत नाही. उलट, वार वेळेआधी सुटली तर पोट कडक होते, खूप दुखते आणि रक्त आतच साठू शकते. कपड्यावरच्या डागावरून अंदाज बांधणे दोन्ही वेळा फसवे.

रक्तदाबही फसवतो. गरोदरपणात शरीरातले रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेले असते. त्यामुळे बरेच रक्त जाईपर्यंत दाब ठीक दिसतो. आधी वाढते ती नाडी. ‘बीपी नॉर्मल आहे’ म्हणून निवांत होण्यात अर्थ नाही.

रुग्णवाहिकेत करण्यासारखे मोजकेच असते: डाव्या कुशीवर झोपवणे, ऑक्सिजन, दोन्ही हातांना जाड सुईने सलाइन, तोंडाने काही न देणे. आतून तपासणी मात्र मुळीच नको. वार खाली असेल तर बोटाच्या धक्क्यानेही रक्ताची धार लागते. सोनोग्राफीचा कागद सोबत असला तर वार कुठे आहे ते डॉक्टरांना लगेच कळते. (तो नेमका घरी कपाटात राहतो.)

पण खरा प्रश्न गाडी कुठे नेते, हा आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची मोफत सेवा आहे. गाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली, तर तिथे सिझेरियनची सोय नाही. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसला, की पुन्हा जिल्ह्याची वाट. प्रत्येक दारात नवा केसपेपर. प्रसूतीआधीच्या रक्तस्रावात उपचार न मिळाल्यास मृत्यूपर्यंत सरासरी १२ तास जातात, असा प्रसूतिशास्त्रातला जुना अंदाज आहे. आईला वाचवायला तेवढा वेळ पुष्कळदा पुरावा. बाळाला तेवढी मुभा नसते.

म्हणून आज रात्री कुठे शल्यचिकित्सा, भूल आणि रक्त तिन्ही हजर आहे, ही यादी नियंत्रण कक्षापुढे रोज हवी आणि गाडीतूनच त्या रुग्णालयाला फोन जायला हवा. श्वासच अडखळत असेल तर जवळचे दार गाठावे, ते वेगळे. एरवी नातेवाइकांनीही गाडीत चढतानाच विचारावे, ‘तिथे आत्ता सिझेरियन होईल का? रक्त आहे का?’