सहा वर्षांच्या मुलाला बाबागाडी?

यंदाच्या उन्हाळी सुट्टीतही मंडळातली काही कुटुंबं अमेरिकेला निघाली आहेत. कुणाचा भाऊ अटलांटाला, कुणाची नणंद न्यू जर्सीला. घरी मुलं असली की बेतात ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड येतंच. तिकिटं, हॉटेल, कोणत्या दिवशी कोणता पार्क हे सगळं ठरतं आणि मग एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो : ‘आमचा मोठा सहा वर्षांचा आहे. त्याच्यासाठी स्ट्रोलर घ्यायचा का?’

आवाज हळू होतो, कारण घरात कुणीतरी लगेच म्हणणार, ‘अगं, एवढा घोडा झालाय, गाडीत काय बसवतेस!’

माझं उत्तर : घ्या. पण कोणताही उचलू नका. मोठ्या मुलाचा स्ट्रोलर निवडण्याचं गणित तान्ह्या बाळाच्या स्ट्रोलरपेक्षा वेगळं असतं.

आधी चालण्याचा हिशेब

डिस्ने वर्ल्ड म्हणजे एकच पार्क नव्हे. मॅजिक किंगडम (1971), एपकॉट (1982), हॉलिवूड स्टुडिओज (1989) आणि अ‍ॅनिमल किंगडम (1998) असे चार स्वतंत्र पार्क आहेत आणि एकाला एक दिवस सहज जातो. गाडीने गेलात तर मॅजिक किंगडमच्या पार्किंगमधून थेट दारात पोचताही येत नाही. आधी मोनोरेल किंवा फेरीबोट घेऊन तळं ओलांडायचं, मग दार. एपकॉटमध्ये तळ्याभोवती 11 देशांची दालनं आहेत. ती फेरी एकदाच मारली तरी दोन किलोमीटरच्या आसपास चाल होते, आणि तीही दिवसाच्या उत्तरार्धात, पाय आधीच दमलेले असताना.

समजा, मोठ्या माणसाचं पाऊल 70 सेंटिमीटरचं धरलं आणि दिवसभरात 15 हजार पावलं पडली, तर साडेदहा किलोमीटर झाले. मुलाचं पाऊल 50 सेंटिमीटरचं धरा. तेवढ्याच वाटेला त्याची 21 हजार पावलं पडतात. शिवाय ते सरळ चालत नाही. पुढे पळतं, मागे येतं, फुगेवाल्यापाशी थांबतं. म्हणजे आपल्यासारखंच चाललं म्हणतो तेव्हा ते आपल्यापेक्षा बरंच जास्त चाललेलं असतं.

दुसरी गोष्ट घड्याळाची. उन्हाळ्यात फ्लोरिडा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथे दुपारचे दोन वाजतात तेव्हा हैदराबादमध्ये रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. अमेरिकेत उतरून दोन-तीन दिवसांत पार्कात गेलात, तर भर दुपारी मूल रडायला लागतं ते हट्टाने नव्हे. त्याच्या अंगाला मध्यरात्र झालेली असते, वर तेहतीस अंशांचं दमट ऊन. अशा वेळी पाठ टेकायला जागा असली तर ते तासभर झोपतं आणि संध्याकाळी पुन्हा ताजंतवानं होतं. नसली तर वीस किलोचं झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन बाबा आतषबाजी बघतात.

आणि खांद्यावर घेणं आपल्याला नवं थोडंच आहे? नामपल्लीच्या नुमाइशमध्ये जानेवारीच्या गर्दीत पाच-सहा वर्षांची किती मुलं वडिलांच्या खांद्यावर दिसतात! गावाकडच्या जत्रेतही तेच. तेव्हा कुणी ‘एवढा घोडा’ म्हणत नाही. नुमाइश दोन-तीन तासांत आटोपते आणि इथे बारा तास आहेत, एवढाच फरक. रामोजी फिल्म सिटीत एका भागातून दुसऱ्या भागात बस नेते, म्हणून तिथे हा प्रश्न इतका टोचत नाही. ऑर्लँडोत पार्काच्या आत मुख्य वाहन म्हणजे आपलेच पाय.

वजनाचा आकडा आधी वाचा

दुकानात आपण रंग बघतो, चाकं बघतो, कप ठेवायची जागा बघतो. मोठ्या मुलासाठी सगळ्यात आधी खालचं लेबल बघायचं. आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक स्ट्रोलरांवर 15 किलोची मर्यादा लिहिलेली असते. युरोपातल्या मानकाचेही दोन भाग आहेत : एक 15 किलोपर्यंतच्या मुलांच्या गाड्यांसाठी, दुसरा त्यापुढे 22 किलोपर्यंत.

आता मुलाचं वजन बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात पाच वर्षांच्या मुलाचं मधलं वजन 18 किलोच्या आसपास आहे, सहा वर्षांच्या मुलाचं साडेवीस आणि सात वर्षांच्या मुलाचं 23. म्हणजे माळ्यावर जपून ठेवलेला, धाकट्यासाठी घेतलेला 15 किलोचा स्ट्रोलर पाच वर्षांच्या मुलालाही पुरत नाही. तो पहिल्याच दिवशी मोडेल असं नाही, पण चाकाचा दांडा वाकतो, ब्रेक नीट लागत नाही आणि उतारावर ते भारी पडतं.

अमेरिकेत हलक्या, छत्रीसारख्या मिटणाऱ्या बऱ्याच गाड्या 50 पौंडांपर्यंत म्हणजे साडेबावीस किलोपर्यंत चालतात. बेबी जॉगरच्या सिटी मिनी जीटी 2 ची मर्यादा 65 पौंड आहे, म्हणजे साडेएकोणतीस किलो. बॉबच्या तीन चाकी, धावताना ढकलायच्या एकेरी गाड्या 75 पौंड म्हणजे 34 किलोपर्यंत घेतात, पण त्या अंगाने मोठ्या असतात आणि मिटल्यावरही बरीच जागा खातात. मूल 20 किलोच्या आत असेल तर हलकी गाडी पुरते. त्यापुढे असेल तर मजबूत गाडीकडे वळा. मर्यादेच्या अगदी काठावर घेऊ नका. बूट, पाण्याची बाटली आणि कुशीतला मिकी हेही वजनच आहे.

मग उंची

वजन बसलं तरी मूल बसेलच असं नाही. सहा वर्षांच्या मुलाची मधली उंची 116 सेंटिमीटर असते. त्याला घरी खुर्चीत ताठ बसवा आणि बैठकीपासून डोक्यापर्यंत टेपने मोजा. गाडीच्या बैठकीपासून छतापर्यंतची उंची त्याहून जास्त हवी. नाहीतर डोकं छताला लागतं, मूल मान वाकवून बसतं, दहा मिनिटांत उतरतं आणि तुम्ही दिवसभर रिकामी गाडी ढकलता. लहान बाळांच्या गाड्यांत नेमकी ही गोष्ट चुकते.

तसंच पायांचं. पाय ठेवायची पट्टी उंचावर असली की मोठ्या मुलाचे गुडघे पोटाशी येतात, आणि पट्टी नसली तर बूट जमिनीवर घासतात. पट्टी खाली आणि भक्कम हवी. मोठं मूल स्वतः चढतं-उतरतं आणि चढताना हमखास त्याच पट्टीवर उभं राहतं. हलकी गाडी तेव्हा पुढे कलंडते. ‘आधी बसायचं, मग पाय वर’ हे घरीच शिकवून न्या.

मागच्या दांड्याला पिशव्या अडकवायची आपली सवय तर विचारूच नका. गाडी सहा किलोची आणि मागे पाच-सात किलोच्या पिशव्या, अशा वेळी मूल बसलेलं असतं तोवर तोल राहतो. ते टुणकन उतरलं की गाडी मागे आडवी. सामान खालच्या जाळीत ठेवा.

पाठ थोडी तरी मागे कलणारी हवी, कारण झोप हाच मुख्य उपयोग. छत मोठं हवं. फ्लोरिडात उन्हाळी दुपारी विजांसह पाऊस ठरलेला, म्हणून प्लास्टिकचं आवरण सोबत हवंच.

पार्काचे नियम

1 मे 2019 पासून डिस्ने वर्ल्डमध्ये स्ट्रोलर 31 इंच रुंद आणि 52 इंच लांब यापेक्षा मोठा चालत नाही. सेंटिमीटरमध्ये 79 आणि 132. दुहेरी गाडीलाही हेच माप. दोन मुलांना बसवून ओढायच्या ढकलगाड्या, ज्यांना तिकडे वॅगन म्हणतात, त्यांना पूर्ण बंदी आहे. तिकडचे नातेवाईक प्रेमाने ‘आमची वॅगन आहे ना, ती न्या’ म्हणतात. ती बागेत आणि बीचवर ठीक, इथे दारातूनच परत यावं लागेल.

डिस्नेच्या बसमध्ये गाडी मिटवून चढावं लागतं. त्यामुळे मिटवायला किती हात लागतात ते दुकानातच करून बघा. एका हाताने झोपलेलं मूल आणि दुसऱ्या हाताने गाडी, ही परीक्षा रात्री दहा वाजता द्यावी लागते.

बहुतेक राईडच्या रांगेत स्ट्रोलर नेता येत नाही. बाहेर ठरलेल्या जागी लावायचा. तिथले कर्मचारी गाड्या नीट रचण्यासाठी हलवतात, म्हणून परत आल्यावर आपली गाडी चार ओळी पलीकडे असू शकते. काळ्या गाड्यांच्या समुद्रात ओळख पटावी म्हणून दांड्याला काहीतरी ठसठशीत बांधा. जुन्या साडीच्या काठाची पट्टी दुरूनही दिसते आणि तशी दुसरी कुणाची नसते. पासपोर्ट, पैसे, फोन मात्र गाडीत ठेवू नका.

न्यायची, घ्यायची की भाड्याने?

पार्कात भाड्याने एकेरी गाडीला दिवसाला साधारण 15 डॉलर पडतात. ती कडक प्लास्टिकची असते. 50 पौंडांपर्यंतच्या मुलासाठी ती सांगितलेली आहे, म्हणून मोठ्या मुलाला जागा बरी मिळते. दोन अडचणी : ती मागे कलत नाही आणि पार्काबाहेर नेता येत नाही. रात्री पार्किंगपर्यंतची वाट, म्हणजे सगळ्यात कठीण वाट, मुलाला उचलूनच काढावी लागते.

ऑर्लँडोतल्या बाहेरच्या कंपन्या चांगल्या प्रतीच्या गाड्या हॉटेलवर पोचवून भाड्याने देतात. चार-पाच दिवसांसाठी हा मार्ग सोयीचा. नातेवाइकांकडे महिनाभर राहणार असाल तर तिथेच साधी, 50 पौंडांची गाडी विकत घेणं परवडतं; पाच दिवसांचं पार्कातलं भाडं तसंही 75 डॉलर होतं. नंतर ती गाडी तिथल्याच एखाद्या कुटुंबाला देता येते. इथून न्यायची असेल तर विमान कंपनीला आधी विचारा. तान्ह्या बाळाच्या गाडीचा नियम सहा वर्षांच्या मुलाला लागू होईलच असं धरून चालू नका.

घरात तीन आणि सहा वर्षांची दोन मुलं असतील तर दुहेरी गाडीआधी एक गोष्ट बघा. एकेरी गाडीच्या मागे जोडायची उभं राहण्याची पाटी मिळते. तिच्यावरही वजनाची मर्यादा असते, ती वाचा. पण पाटीवर झोपता येत नाही. मोठा दुपारी झोपणारा असेल तर दुहेरीच बरी.

घरातलं बोलणं

हे सगळं जमलं तरी मुलाला गाडी आवडेलच असं नाही. माझ्या भाच्याने गाडी बघताच विचारलं, ‘मी बेबी आहे का?’ बहिणीने त्याला समजावत बसण्याऐवजी कामाला लावलं. ही सगळ्यांची सामानगाडी आणि तू तिचा ड्रायव्हर, असं ठरलं. सकाळभर त्याने ती ढकलली. दुपारी ड्रायव्हर स्वतःच आत जाऊन झोपला. मुलाला विचारून, त्याच्या मनाने बसू द्या. ‘चालत नाहीस तर बस गाडीत’ ही शिक्षा झाली की ते पुन्हा बसणार नाही आणि रात्री आपलाच खांदा दुखेल.

काही मुलांना गाडी दमण्यापुरती लागत नाही. दमा असतो, स्नायूंचा त्रास असतो, ऑटिझम असतो. गर्दीत त्यांना स्वतःची एक ठरलेली जागा हवी असते. अशा मुलांसाठी पार्काच्या गेस्ट रिलेशन्सकडे जाऊन गरज सांगितली तर स्ट्रोलरला व्हीलचेअर म्हणून खूण मिळते आणि तो रांगेतही नेता येतो. रांगेत आठ वर्षांचं मूल गाडीत दिसलं तर टक लावून बघू नका, आणि आपल्या मुलांनाही ते सांगून ठेवा.

शेवटचं आजी-आजोबांचं. नातवासाठी गाडी घ्यायची की नाही यावर घरात आठवडाभर चर्चा होते. पण आजी एपकॉटच्या तळ्याभोवती दोन किलोमीटर कशी चालणार, हे कुणी विचारत नाही, आणि ती स्वतः म्हणणार नाही. ‘तुम्ही जा पुढे, मी बसते इथे’ एवढंच म्हणेल आणि बाकावर बसून सगळ्यांच्या पर्स सांभाळेल. पार्कात व्हीलचेअर भाड्याने मिळते. ‘आई, लागेल का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘छे, मला काय झालंय’ असंच येणार. त्यामुळे सरळ घेऊन या आणि म्हणा, ‘आई, पर्सा ठेवायला घेतलीय, दमलीस तर बस.’

नातवाच्या गाडीशेजारी आजीची खुर्ची असली, की ‘एवढा घोडा’ म्हणायला घरात कुणी उरत नाही.