भरितात गरम मसाला कशाला?

गेल्या महिन्यात सुरतेच्या नवागामातल्या एका लग्नात भरीत-पुरीचं जेवण होतं. पहिल्याच घासाला लवंग लागली, मग दालचिनी, मग नुसता जाळ. वांगं काही शेवटपर्यंत सापडलं नाही. खान्देशी घरचं लग्न, आचारीही आपल्याकडचाच, आणि भरितात गरम मसाला! मला खरंच वाईट वाटलं.

जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते हिरवं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, हिरवी मिरची नि लसूण घालून बडगीत ठेचायचं, वर कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. मीठ. झालं भरीत. त्याला चव येते ती धुराची.

पण सुरतेत खान्देशी जेवण म्हणजे लालभडक तर्री, असंच होऊन बसलंय. काळा मसाला आपला आहेच, शेवभाजी त्याशिवाय होणार नाही. पण तो तेलात निवांत परतावा लागतो. घाईत वरून भुरभुरला की कच्चाच राहतो. आणि लवंगेनं जीभ बधिरते. दात दुखला की आपण तिचं तेल लावतो, ते याचसाठी. बधिरलेल्या जिभेला मग मीठही जास्त लागतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. त्यात लोणचं, पापड, शेव सगळं आलं.

मी लूमवरच्या पोरांचे डबे करते. बारा तास खडखडाटात उभं राहून आलेल्याला झणझणीत हवं असतं, हे मला कळतं. पण त्यातल्या कितीतरी जणांच्या खिशात पित्ताची गोळी असते, तेही मी बघते. वास मारणारी भाजी मसाल्याखाली दडपून खपवता येते, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पोरांच्या पोटाशी असं वागू नये.

मागच्या मंगळवारी फुणके नि कढी दिली. तुरीची डाळ भिजवून भरड वाटली, त्यात लसूण, मिरची, कोथिंबीर, मुठीनं वळून वाफवले. मसाल्याचा डबा उघडलाच नाही. रात्री शहाद्याकडचा एक पोरगा रिकामा डबा घेऊन दारात आला.

"मावशी, कढी शे का आखो?"

पातेलं केव्हाच घासून पालथं घातलं होतं.