काठिण्य म्हणजे सर्वस्व नव्हे

भिलाईचा मरोदा हा भाग दुर्ग–दल्ली राजहरा लोहमार्गावर वसलेला आहे. दल्ली राजहऱ्याच्या खाणींतील लोहखनिज याच मार्गाने भिलाईच्या पोलाद कारखान्याकडे जाते. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला व १९५९ साली त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. अशा परिसरातील रहिवाशाला धातू झिजतो हे निराळे सांगावे लागत नाही. खनिज उकरणाऱ्या यंत्राचे दात, वाघिणींची चाके, पायाखालचे रूळ, सर्वांनाच झीज ग्रासते.

मग सबंध वस्तूच अत्यंत कठीण धातूची का करू नये? याचे उत्तर आपल्या गावच्या लोहाराला पूर्वीपासून ठाऊक आहे. तो कोयत्याच्या धारेला पाणी देतो, सबंध कोयत्याला देत नाही. धार कठीण हवी, पण पाते चिवट हवे. नाही तर घाव बसताच त्याचे तुकडे होतील. यंत्रांच्या झिजणाऱ्या भागांवर कठीण मिश्रधातूचा थर वितळवून चढविण्याची कारखान्यांतील पद्धतही याच तत्त्वावर आधारलेली आहे.

टायटॅनियमच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बिकट होतो. या धातूचे वजन दर घन सेंटिमीटरला सुमारे ४.५ ग्रॅम, म्हणजे पोलादाच्या निम्म्याहून थोडेसे अधिक. त्यात शेकडा ६ भाग ॲल्युमिनियम व ४ भाग व्हॅनेडियम मिसळले, की विमानांत सर्वत्र वापरली जाणारी बळकट मिश्रधातू मिळते. तो गंजतही नाही. परंतु दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासू लागले, की त्यांवरील ऑक्साइडचा पातळ पापुद्रा फुटतो, उघडा पडलेला धातू समोरच्या धातूला चिकटतो आणि ओरबाडला जातो. बळकट असूनही तो झिजतो, कारण बळकटी व झीजरोध हे दोन भिन्न गुण आहेत.

यावर योजलेला एक उपाय म्हणजे लेसर विलेपन. लेसरचा झोत पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वितळवितो. त्याच जागी आरगॉन वायूच्या प्रवाहातून टायटॅनियम कार्बाइडसारख्या कठीण पदार्थाची भुकटी सोडली जाते. झोत पुढे सरकताच ते मिश्रण क्षणार्धात गोठते व मूळ धातूशी एकजीव होते. तापलेला टायटॅनियम हवेतील ऑक्सिजन शोषून ठिसूळ बनतो. आरगॉनचे आवरण त्यापासूनही त्याचे रक्षण करते. अशा लेपाचे काठिण्य मूळ मिश्रधातूच्या दुपटी-तिपटीपर्यंत नेता येते. पृष्ठभागांवरील अशा लेसर-प्रक्रियांचे संशोधन भारतात हैदराबाद येथेही चालते.

येथेच प्रस्तुत लेखकाला आपले मत स्पष्टपणे नोंदवावेसे वाटते. लेपाचे मोल केवळ काठिण्याच्या आकड्यावरून ठरविणे योग्य नव्हे. अत्यंत वेगाने थंड होताना लेप आकसतो, खालचा धातू त्याला अडवितो आणि या ओढाताणीत लेपाला सूक्ष्म तडे जाऊ शकतात. वारंवार भार पडला, की असा तडा मूळ धातूतही उतरतो. झीज हळूहळू वाढते, तपासणीत दिसते व भाग बदलण्यास अवधी देते. तडा मात्र पूर्वसूचना न देता घात करू शकतो. आकाशात असलेल्या विमानाच्या बाबतीत हा भेद प्राणांतिक ठरेल. म्हणून काठिण्य थोडे कमी राहिले तरी चालेल, पण धातू आधी तापवून घेणे, कठीण कणांचे प्रमाण थराथराने वाढविणे आणि लेप चढविलेला भाग वारंवार भाराखाली तपासणे, यांत काटकसर करू नये.

भाषेनेही या कामी मदत केली पाहिजे. कठीण, बळकट, चिवट आणि झीजरोधक हे चार शब्द मराठीत आहेत. तरी आपण चारही ठिकाणी 'मजबूत' म्हणून मोकळे होतो. शाळेत हे शब्द वेगळे शिकवावेत. काच कठीण असूनही फुटते आणि रबर मऊ असूनही फुटत नाही, एवढे दाखविले तरी विद्यार्थ्याला हा भेद कळेल. शब्द नेमका असला, तर यंत्राचा भाग निवडताना प्रश्नही नेमका विचारला जातो.